मिस्त्रीला किती द्यायचं?

गॅरेजमध्ये काम मागायला आलेला माणूस पगाराचं सुरुवातीला बोलत नाही. आधी तो शेडमधल्या गाड्यांवर नजर फिरवतो, लिफ्ट किती आहेत ते बघतो, स्कॅनर कुठला आहे म्हणून विचारतो. शेवटी कधीतरी पगाराचा विषय निघाला की म्हणतो, "तुम्हीच बघून द्या की, मालक." कोल्हापुरात वर्कशॉप चालवताना हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे, आणि या धंद्यात मला त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटते. 'बघून द्या' म्हटलं की मालक आपल्या सोयीचं बघतो आणि मिस्त्री मनात भलताच आकडा धरून बसतो. मग उसाचा हंगाम ऐन भरात असतो, दारात पिकअप आणि बोलेरोंची रांग लागलेली असते, आणि तो समोर येऊन सांगतो, "मला पलीकडं पाच हजार जास्त मिळत्यात."

म्हणून आमच्याकडे आकडा मीच आधी सांगतो, आणि तो कागदावर देतो. इथेही सांगतो, कारण पगारावर मोघम बोलून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. हेल्परला १४ हजार. सर्व्हिसिंग, ब्रेक, सस्पेन्शन एवढं स्वतःच्या जबाबदारीवर करणाऱ्याला १८ ते २२. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवून, खोलून, परत चढवून गाडी गिऱ्हाइकाच्या हातात देणाऱ्याला २६ ते ३०. वायरिंग आणि स्कॅनरवरून दोष शोधणाऱ्याला ३५ पर्यंत. डेंटर आणि पेंटर आमच्याकडेही बहुतेक ठिकाणांसारखे उक्त्यावर, पॅनेलच्या हिशेबानं काम करतात. त्यांचं गणित वेगळं आहे आणि त्यात मी इथे शिरत नाही.

हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. मोटार दुरुस्तीचा धंदा राज्याच्या किमान वेतनाच्या यादीत आहे. परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीनं त्याचे दर ठरतात, आणि महागाईच्या निर्देशांकानुसार विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. कितीतरी गॅरेजमालकांनी हा तक्ता कधी उघडूनही पाहिलेला नाही, याचं मला वाईट वाटतं. तो तळ आहे, त्याच्या खाली जायचंच नाही. पण तळ कळला म्हणजे पगार ठरला असं होत नाही. 'कुशल' या एकाच रकान्यात ब्रेक पॅड बदलणारा बसतो, आणि चालत्या गाडीचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणाराही बसतो. दोघांना सारखं दिलं तर दुसरा राहणार नाही, आणि का राहावं त्यानं?

स्वतःचं वर्कशॉप काढण्याआधी मी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. तिथे पगार बेताचा आणि इन्सेन्टिव्ह मोठा, अशी रचना होती. इंजिन फ्लशिंग, एसीचं डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, खालून अँटिरस्ट कोटिंग, यातलं जितकं खपवाल तितका टक्का. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेडमधली हवाच बदलायची. निम्मे शिल्लक असलेले ब्रेक पॅड 'संपत आलेत' व्हायचे. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या मास्तरांच्या गाडीला फ्लशिंग लागायचं. तिथले मेकॅनिक लबाड नव्हते. अतिशय चांगल्या हाताची माणसं होती ती, त्यातल्या काहींकडून मी काम शिकलो. पण घराचा हप्ता त्या टक्क्यातून जाणार असेल, तर माणूस गाडीकडे बघताना काय बदलता येईल हेच बघू लागतो. आपण पैसे कशाचे देतो, त्याप्रमाणे हात वळतो. मिस्त्रीच्या पगाराबद्दल मला जे काही म्हणायचं आहे त्याचं मूळ तिथे आहे.

सुट्या भागांवर टक्का दिला की भाग बदलले जातात. गाडीमागे पैसे दिले की गाड्या भराभर बाहेर जातात आणि भराभर परत येतात. नुसता महिन्याचा पगार दिला आणि पुढे काहीच बघितलं नाही, तर चांगला आणि सुमार असे दोघेही सुमाराच्या चालीनं चालू लागतात. या तिन्ही वाटा मी जवळून पाहिल्या आहेत. आणि गॅरेजमधलं सगळ्यात मोलाचं जे काम, ते या तिन्हींत कुठेच मोजलं जात नाही.

एक गाडी आली होती. पाच-सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. कधी झटके मारायची, कधी सुरूच व्हायची नाही, कधी पॅनेलवरचे दिवे आपोआप लागायचे. मालक इचलकरंजीचे, यंत्रमागाचा धंदा असलेले गृहस्थ. आधीच्या ठिकाणी पेट्रोल पंप बदलून झाला होता, इग्निशन कॉइल बदलून झाल्या होत्या, आणि आता ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, बदलावा लागेल असं त्यांना सांगितलं होतं. आमच्या वायरमननं स्कॅनर लावला, तर एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सात कोड. त्यानं कोड पुसले नाहीत, कुठला भागही काढला नाही. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि पोराला सांगितलं, मार स्टार्टर. तिथे पाव-अर्ध्या व्होल्टच्या आत फरक दिसायला हवा होता, मीटरनं सव्वा व्होल्टच्या पुढे दाखवला. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजून आतून खाल्ली गेली होती. वरून रंग लागलेला, त्यामुळे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. पट्टी बदलली, बसण्याची जागा घासून उघडी केली, बोल्ट आवळला. गाडी सुरू. त्या पट्टीची किंमत एका वेळच्या जेवणाएवढीही नव्हती.

आता या कामाचे वायरमनला किती द्यायचे? पार्टवर टक्का दिला तर चार-पाच रुपये. वेळेवर दिले तर तासाभराचे. आणि ईसीयू बदलला असता तर बिल पंचवीस-तीस हजारांच्या घरात गेलं असतं. त्यानं गिऱ्हाइकाचे जे वाचवले, ते आमच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये जमा होत नाहीत. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर अशा गाड्या वाढतच गेल्या. दुचाकीलाही फ्युएल इंजेक्शन आलं, डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी गाळणारा डीपीएफ आला, जिकडेतिकडे सेन्सर आले. पूर्वी कार्ब्युरेटर खोलून फुंकला की निम्मे दोष जायचे. आता खोलण्याआधी विचार करावा लागतो, आणि विचार करणारा माणूस उभा असतो तेव्हा तो रिकामा बसलाय असंच दिसतं.

म्हणून आम्ही तपासणीचं वेगळं बिल सुरू केलं. दोष सापडो न सापडो, तपासणीचे ७०० रुपये. पुढे काम आमच्याकडेच केलं तरी ते वळते होत नाहीत. पहिल्यांदा गिऱ्हाइकं कुरकुरली, काही गेलीसुद्धा. पण त्यामुळेच वायरमनला ३५ हजार देणं मला परवडतं, आणि त्याला कुठलाही भाग बदलल्याशिवाय ताठ मानेनं 'काम झालं' म्हणता येतं.

गिऱ्हाइकाचीही एक बाजू आहे. स्पेअरचं बिल माणसं निमूट देतात, कारण डब्यावर एमआरपी छापलेली असते. मजुरीवर एमआरपी नसते, म्हणून सगळी घासाघीस मजुरीवर होते. म्हणजे ज्या रकमेतून मिस्त्रीचं घर चालतं, नेमकी तीच रक्कम गिऱ्हाईक कमी करायला बघतं. ती मजुरी खरंच किती असायला हवी हे मी एकदा नीट मांडलं, आणि आता प्रत्येक नव्या गॅरेजवाल्याला तोच कागद दाखवतो. समजा, मिस्त्रीचा पगार २० हजार. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे ६५०. दिवाळीला एक पगार देतो, तो बारा महिन्यांत वाटला तर १,६६७. ग्रॅच्युइटीसाठी वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबानं महिन्याला ९६० च्या आसपास बाजूला ठेवायचे. झाले २३ हजारांच्या वर. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. पण त्यातले बिलावर चढतात किती? पार्टची वाट बघण्यात, ट्रायल मारण्यात, गाडी आतबाहेर करण्यात, पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत मोठा वाटा जातो. आमच्याकडे बिलावर येणारे तास सव्वाशेच्या जवळपास भरतात. म्हणजे बिलावरच्या एका तासाला नुसता मिस्त्रीच १८५ रुपयांच्या वर पडतो. हेल्पर, जागेचं भाडं, लिफ्ट, कॉम्प्रेसरची वीज, स्कॅनरचं दरवर्षीचं अपडेट हे सगळं यानंतर. तासाला ५५० च्या खाली मजुरी लावली तर यातलं काहीतरी चोरीला जातं, आणि बहुतेक ठिकाणी तो मिस्त्रीचा पगारच असतो.

या दराचा फलक मी काउंटरवर लावला आहे. क्लच प्लेटचं काम इतके तास, टायमिंग बेल्टचं इतके, तासाचा दर इतका. घासाघीस पूर्ण थांबली नाही, पण आता ती निदान माझ्याशी होते. पूर्वी गिऱ्हाईक परस्पर शेडमध्ये जाऊन मिस्त्रीला म्हणायचं, "कर की शंभर कमी," आणि तो संकोचून हो म्हणायचा.

पगाराच्या वर आम्ही एक समाईक वाटा ठेवला आहे. दर तीन महिन्यांनी मजुरीच्या जमेचा दहावा हिस्सा बाजूला काढायचा. त्याच कामासाठी परत आलेल्या गाड्यांची मजुरी त्यातून वजा करायची, आणि उरलेलं हेल्परपासून वायरमनपर्यंत पगाराच्या प्रमाणात वाटायचं. स्पेअरचा नफा त्यात एक रुपयाही धरायचा नाही. परत आलेली गाडी कुणाची, हे बघून कुणाचाही पगार कापायचा नाही. वजाबाकी सगळ्यांची होते, त्यामुळे गाडी बाहेर जाण्याआधी दुसरा मिस्त्री आपणहून चाकाच्या नटांवर टॉर्क पाना फिरवून बघतो. मी सांगून हे झालं नसतं.

स्पेअरच्या दुकानांकडून मेकॅनिकला परस्पर टक्का मिळतो, ऑइलच्या डब्यांत कूपन असतात. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे. पगार पुरेसा नसेल तर त्यावर बोलायचा मालकाला अधिकार नाही, असं माझं मत आहे. पुरेसा असेल तर आहे. आमच्याकडे कूपन डब्यात जमा होतात आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की त्या पैशातून सगळ्यांसाठी काहीतरी येतं.

तुटलेल्या पार्टचे पैसे पगारातून कापायची पद्धतही मला मान्य नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातसुद्धा कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय नुकसानीपोटी कापायला मनाई होती. गंजलेला बोल्ट तुटतो, प्लॅस्टिकची क्लिप ऊन खाऊन ठिसूळ झालेली असते. ते भरून द्यावं लागेल ही भीती बसली की पोरगं अवघड कामाला हातच घालत नाही, आणि मग ते शिकणार कधी?

ईएसआयचा विषय निघाला म्हणून एक सांगितलंच पाहिजे. या योजनेची पगाराची मर्यादा २०१७ पासून २१ हजार आहे. आमच्या एका मिस्त्रीच्या आईचं डायलिसिस त्या कार्डावर चालू होतं. त्या वेळच्या दरानं त्याला २० वरून २३ वर न्यायची वेळ आली, तो त्याच्या कामानं त्या जागी पोचला होता. तो केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "वाढ नको मालक. कार्ड जाईल माझं." तीन हजारांच्या वाढीत त्याच्या घरचा महिन्याचा दवाखाना जाणार होता. मर्यादा ओलांडली तरी चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, माणूस योजनेत राहतो. पण त्यानंतर काय? आधीपासून आजारी असलेल्या म्हाताऱ्या बाईला बाहेरचा विमा सहजासहजी मिळत नाही. कागदावर पगार २१ च्या आत दाखवून उरलेलं हातात द्या, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. ते मी केलं नाही. पगार २१ हजारांच्या आतच ठेवला, आणि तो राहत होता त्या भाड्याच्या खोलीऐवजी वर्कशॉपमागच्या दोन खोल्या दुरुस्त करून त्याला राहायला दिल्या. त्याच्या वर्गाची नोंद मात्र रजिस्टरला वरचीच केली. कामाच्या योग्यतेचा पगार आणि माणसाच्या गरजेचा पगार हे नेहमी एका दिशेनं चालत नाहीत, आणि सरळ आकड्यांचे तक्ते करणाऱ्यांना हे दिसत नाही.

उचलीचंही तसंच. दुसऱ्या गॅरेजमधून येणारा चांगला मिस्त्री पुष्कळदा अंगावर उचल घेऊन येतो. तीस-चाळीस हजार, बहिणीच्या लग्नाला किंवा घराच्या पत्र्याला घेतलेले. आधीच्या मालकाचे पैसे नव्यानं भागवायचे आणि मग तो नव्याचा बांधील. ऊसतोडीत जे चालतं तेच हे, फक्त कोयत्याऐवजी हातात पाना असतो. उचल मी देतो, कारण अडीअडचण खरी असते. पण फेडीचे हप्ते लिहून ठेवतो, पगाराच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त कापत नाही, आणि तो सोडून जायला निघाला तर उचलीपायी त्याला थांबवत नाही. पैशात अडकवून ठेवलेला माणूस मन लावून इंजिन बांधणार नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये या सगळ्याची कसोटी लागली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. पाणी उतरायला लागल्यावर टोइंगवाले एकामागून एक गाड्या आणून टाकू लागले. बॉनेटपर्यंत बुडालेल्या, सीटवर चिखलाचा थर बसलेल्या. आमची पहिली सूचना एकच होती: कुणीही किल्ली फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दहा-बारा हजारांत सुटणारी गाडी लाखाच्या कामाला जाते. प्लग काढायचे, दुधासारखं झालेलं ऑइल सोडायचं, गिअरबॉक्स धुवायचा, एकेक कनेक्टर उघडून वाळवायचा. शेजारी विम्याचे सर्व्हेअर. खर्च गाडीच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर जातोय असं दिसलं की 'टोटल लॉस' लिहून पुढच्या गाडीकडे.

आणि हे काम करणाऱ्या माझ्या माणसांपैकी तिघांच्या घरात त्याच वेळी पाणी होतं. त्या तिघांना पहिल्या दिवसापासून भरपगारी रजा दिली. बाकीच्यांच्या आठ तासांवरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर, कायद्यात आहे तसाच, आणि तो दर आठवड्याला रोख, कारण त्या दिवसांत महिनाअखेरीच्या पगाराचा कुणाला उपयोग नव्हता. मजुरीचा दर वाढवला नाही. वाढवला असता तरी लोकांनी दिला असता, इतके ते हतबल होते. पण लोकांच्या बुडालेल्या घरांवर मिळवलेला पैसा समाईक वाट्यात आला असता, तर तो घ्यायला माझ्याच माणसांना लाज वाटली असती. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा काय करायचं हे कुणाला सांगावं लागलं नाही.

शिकाऊ मुलांबद्दल थोडक्यात. अठराच्या आतलं पोर मी घेत नाही. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड करून आलेल्या मुलाला शिकाऊ उमेदवारीत २०१९ च्या नियमाप्रमाणे किमान ७ हजार विद्यावेतन. मी १० देतो, कारण राधानगरीहून किंवा गगनबावड्याहून आलेल्या मुलाचं खोलीचं भाडं आणि मेस ७ हजारांत भागत नाही. उपाशी पोर शिकत नाही. त्यांच्यातली निम्मी पुढे चाकणला कंपनीत जातात, जाऊ देत.

जुने मिस्त्री जातात ते स्वतःचं गॅरेज काढायला. एखाद्याचा पगार ३० ला पोचला की मी त्याच्यासमोर बसून हिशेब मांडतो. तुमचं स्वतःचं झालं तर महिन्याला मजुरी किती येईल, त्यातून भाडं, पोरगं, वीज, उधारी आणि बुडीत वजा केल्यावर हातात काय राहील. ते मी देतो त्या पगारापेक्षा बरंच जास्त असेल, तर त्यांनी जावं. कमी असेल, तर मी देतो तो पगार योग्य आहे याची त्यांनाही खात्री पटते. एक जण असा गेला, आणि त्याच्याकडे स्कॅनरवर न सुटलेल्या गाड्या आजही आमच्याकडे येतात.

सध्या एका जागेवर मन अडलं आहे. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी माणूस हवा आहे. तीनशे व्होल्टच्या वरची बॅटरी, नारिंगी केबल, एक हजार व्होल्टचे हातमोजे, आधी पुरवठा तोडून मीटरवर शून्य बघायचं आणि मगच हात लावायचा. चूक झाली तर इथे पार्ट जळण्यावर भागणार नाही. पुण्याहून आलेला एक मुलगा ३८ मागतो आहे. आमच्या वायरमनला ३५ मिळतात आणि तोही हे शिकायला तयार आहे. मी त्या मुलाला सांगितलं, तीन महिने ३५, त्यानंतर ३८. वायरमनच्या प्रशिक्षणाचे दिवस भरपगारी आणि फी वर्कशॉपची. ते पूर्ण झालं की त्याचेही ३८. दोघांसमोर एकाच वेळी सांगितलं, म्हणजे पुढे एकमेकांचा आकडा कानावर यायचा प्रश्न नको. मुलानं दोन दिवस मागून घेतले आहेत. वायरमननं विचारलं, प्रशिक्षणाला पुण्याला जायचं तर राहण्याचा खर्च कुणाचा? तो कागदावर लिहायचा राहिला होता. वर्कशॉपचा, असं खाली लिहून मी सही केली.